घड्याळं, पत्रं, काचा: डेव्हा सोबेल यांची पुस्तकं

१९९५ साली न्यूयॉर्कच्या ‘वॉकर’ या लहानशा प्रकाशनसंस्थेनं दोनशेहून कमी पानांचं एक पुस्तक काढलं. नाव ‘लाँजिट्यूड’, म्हणजे रेखांश. विषय होता अठराव्या शतकातली जहाजावरची घड्याळं आणि ती करणारा एक इंग्लिश सुतार. अशा विषयाला फार वाचक मिळतील असं कुणाला वाटलं नसतं. पण ते पुस्तक अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये भराभर खपलं, १९९७ च्या ब्रिटिश बुक अवॉर्ड्समध्ये वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक ठरलं आणि २००० साली त्यावर जेरेमी आयर्न्स व मायकेल गॅम्बन यांना घेऊन टीव्हीसाठी चित्रपटही झाला. विज्ञानाच्या इतिहासावरचं पुस्तक सामान्य वाचक पदरचे पैसे घालून घेतो, हे प्रकाशकांना त्यामुळे कळलं. मग एकेका शोधावर, एकेका विस्मरणात गेलेल्या माणसावर गोष्टीवेल्हाळ पुस्तकं निघू लागली.

लेखिका डेव्हा सोबेल. गेल्या तीस वर्षांतली त्यांची महत्त्वाची पुस्तकं मोजकीच आहेत, पण ती ओळीनं वाचली की त्यांच्या विचाराचा प्रवास स्पष्ट दिसतो. पहिल्या पुस्तकात विज्ञान म्हणजे एकट्या माणसाची झुंज आहे. अलीकडच्या पुस्तकांपर्यंत येता येता ते अनेकांचं, विशेषतः अनेक बायकांचं, रोजचं काम झालेलं आहे. मला हा बदल त्यांच्या कुठल्याही एका पुस्तकापेक्षा मोलाचा वाटतो.

पत्रकार ते लेखिका

सोबेल यांचा जन्म १९४७ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. शिक्षण तिथल्याच ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्समध्ये आणि पुढे बिंगहॅम्टनच्या विद्यापीठात. त्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये विज्ञान-वार्ताहर होत्या. म्हणजे त्या संशोधक नाहीत आणि विद्यापीठीय इतिहासकारही नाहीत. जाणकाराला प्रश्न विचारायचे आणि उत्तर वाचकाला समजेल असं मांडायचं, ही वार्ताहराची शिस्त त्यांच्या प्रत्येक पानावर दिसते.

१९९३ च्या नोव्हेंबरात हार्वर्ड विद्यापीठात रेखांशाच्या इतिहासावर एक परिषद भरली. तिचे संयोजक विल्यम अँड्र्यूज हे हार्वर्डमधल्या जुन्या शास्त्रीय उपकरणांच्या संग्रहाचे प्रमुख. सोबेल तिथे गेल्या आणि ‘हार्वर्ड मॅगझिन’साठी त्यांनी लेख लिहिला. ‘वॉकर’चे जॉर्ज गिब्सन यांनी तो वाचला आणि याचं पुस्तक करा म्हणून सांगितलं. पुढे १९९८ मध्ये सोबेल आणि अँड्र्यूज यांनी मिळून त्याच पुस्तकाची चित्रांनी भरलेली आवृत्तीही काढली. घड्याळांची आतली रचना डोळ्यांनी पाहायची असेल तर हीच आवृत्ती हातात घ्यावी.

रेखांशाचं कोडं नेमकं काय होतं

भर समुद्रात आपण विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत, हे सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून काढता येतं. पूर्व-पश्चिमेचं तसं नाही. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. त्यामुळे रेखांश काढायचा तर एकाच क्षणी दोन वेळा माहीत असाव्या लागतात: जहाज आहे तिथली आणि निघालो त्या बंदरातली. जहाजावरची वेळ सूर्य माथ्यावर आला की कळते. बंदरातली वेळ मात्र कुणीतरी महिनोन्‌महिने जपून बरोबर न्यायला हवी.

मुंबईकरांच्या मागच्या पिढ्यांना हे गणित अनुभवानं ठाऊक होतं. देशाची प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी शहरात स्थानिक ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होता, आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता. प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२.५ अंशांवर आणि मुंबई जवळपास ७२.८ अंशांवर. मधल्या पावणेदहा अंशांच्या आसपासच्या अंतराला चारानं गुणलं की तीच ३९ मिनिटं. ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा उभारली, त्यामागेही बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ पुरवण्याचा हेतू होता.

ही वेळ हाताशी नसली की काय होतं ते तेव्हा दिसलं: १७०७ च्या २२ ऑक्टोबरला, आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकून, ब्रिटिश आरमाराची चार जहाजं सिली बेटांच्या खडकांवर आपटून बुडाली आणि दीड ते दोन हजार माणसं गेली. ॲडमिरल क्लाउड्सली शॉव्हेलही त्यात होता. १७१४ साली ब्रिटिश संसदेनं कायदा करून बक्षीस लावलं. रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगणाऱ्या पद्धतीला २०,००० पौंड, दोन तृतीयांश अंशाच्या आत सांगणारीला १५,००० आणि एका अंशाच्या आत सांगणारीला १०,०००. अर्धा अंश म्हणजे विषुववृत्तावर ३० नाविक मैल. सहा आठवड्यांच्या सफरीत एवढीच चूक राहायची, तर घड्याळ दिवसाला तीन सेकंदांपेक्षा जास्त चुकता कामा नये. त्या काळी जमिनीवरची चांगली लंबकाची घड्याळंच जेमतेम इतकी नेमकी असत. जहाज डुलतं, उष्ण प्रदेशात धातू प्रसरण पावतो, थंडीत वंगण घट्ट होतं. अशा ठिकाणी हे साधेल यावर न्यूटनचाही भरवसा नव्हता.

जॉन हॅरिसन

हॅरिसन १६९३ चा, यॉर्कशरमधल्या फुलबी गावचा. धंद्यानं सुतार, घड्याळं करायला स्वतःच शिकलेला. ब्रॉक्ल्सबी पार्कच्या तबेल्यावर १७२२ च्या सुमारास त्यानं बसवलेलं लाकडी घड्याळ आजही चालतं. त्याला तेल लागत नाही, कारण जिथे घर्षण होतं तिथे त्यानं अंगचंच तेल असलेलं लिग्नम व्हिटे हे कठीण लाकूड वापरलं. सोबेल अशा तपशिलापाशी थांबतात आणि सुताराला लाकडाचं जे ज्ञान असतं, तेच इथे शास्त्र कसं झालं ते दाखवतात. माझ्या लेखी ती पुस्तकातली सर्वांत सुंदर पानं आहेत.

त्याचं पहिलं सागरी घड्याळ, आज एच-१ म्हणून ओळखलं जाणारं, १७३५ मध्ये तयार झालं. वजन सुमारे ३४ किलो. पुढच्या वर्षी ते लिस्बनला नेऊन आणलं. परतीच्या वाटेवर इंग्लंडचा किनारा दिसला तेव्हा जहाजावरच्या अधिकाऱ्यांना तो स्टार्ट पॉइंट वाटला. हॅरिसन म्हणाला, हे लिझर्ड आहे. त्याचंच खरं निघालं, आणि जहाजाच्या हिशेबातली साठएक मैलांची चूक उघडी पडली. कौतुक झालं, पण त्याला स्वतःला आपलं यंत्र पसंत नव्हतं. दुसरं घड्याळ त्यानं समुद्रावर पाठवूच दिलं नाही. तिसऱ्यावर एकोणीस वर्षं खपला. तापमानाचा परिणाम काढून टाकण्यासाठी त्यानं दोन धातूंची जोडपट्टी घडवली ती याच तिसऱ्यात. आपल्या घरातल्या इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये हेच तत्त्व असतं.

मग त्यानं सगळाच मार्ग बदलला. १७५९ मधलं चौथं, एच-४, फक्त १३ सेंटीमीटर रुंदीचं, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं. १७६१-६२ मध्ये त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला गेला. ८१ दिवसांत ते ५ सेकंद मागे पडलं. बक्षिसाचा निर्णय ज्याच्या हाती होता ते रेखांश मंडळ म्हणालं, हा योगायोगही असू शकतो. १७६४ मध्ये बार्बाडोसला दुसरी चाचणी झाली. ४७ दिवसांत ३९ सेकंदांची चूक आली, म्हणजे सर्वांत मोठ्या बक्षिसाला चालणाऱ्या चुकीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. तरी मंडळानं अटी वाढवल्या: घड्याळाचं रहस्य उघड करा, तसंच दुसरं करता येतं हे दाखवा. अखेर तिसऱ्या जॉर्ज राजानं पाचव्या घड्याळाची स्वतः चाचणी घेतली आणि १७७३ मध्ये संसदेनं हॅरिसनला ८,७५० पौंड दिले. तेव्हा तो ऐंशीचा होता. तीन वर्षांनी तो गेला.

इतिहासकारांची हरकत

‘लाँजिट्यूड’च्या उपशीर्षकातच हॅरिसनला एकाकी प्रतिभावंत म्हटलं आहे. कथेला खलनायकही आहे: खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मास्किलाइन. ताऱ्यांपासून चंद्राचं अंतर मोजून रेखांश काढायच्या पद्धतीचा तो पुरस्कर्ता, आणि १७६५ पासून राजखगोलशास्त्रज्ञ या नात्यानं रेखांश मंडळावरही. पुस्तक वाचताना त्याचा राग यावा अशीच मांडणी आहे.

व्यावसायिक इतिहासकारांना हे पटलं नाही. डेव्हिड फिलिप मिलर यांनी २००२ मध्ये या साऱ्या प्रकाराला ‘सोबेल परिणाम’ असं नावच दिलं. आक्षेपांत तथ्य आहे आणि ते वाचकाला माहीत हवेत. हॅरिसन एकटा नव्हता. एडमंड हॅली आणि लंडनचा नामांकित घड्याळजी जॉर्ज ग्रॅहम यांनी त्याला सुरुवातीपासून हात दिला. रॉयल सोसायटीनं १७४९ मध्ये कॉप्ली पदक दिलं. १७३७ पासून मंडळ त्याला टप्प्याटप्प्यानं पैसे देत होतं आणि सगळं मिळून त्याच्या हाती २३,००० पौंडांहून अधिक रक्कम आली. मंडळाचा प्रश्नही रास्त होता. एका माणसाच्या हातून घडलेलं एक अप्रतिम घड्याळ अख्ख्या आरमाराला कसं पुरणार? स्वस्त आणि पुष्कळ क्रोनोमीटर, म्हणजे अशी अचूक सागरी घड्याळं, पुढे जॉन अर्नल्ड आणि थॉमस अर्नशॉ यांनी केले. फ्रान्समध्ये पिएर ल रॉय आणि फर्डिनांड बर्थू स्वतंत्रपणे याच प्रश्नावर काम करत होते. मास्किलाइननं १७६७ सालापासून काढलेलं नाविकांचं पंचांग, ‘नॉटिकल अल्मनॅक’, हे फार मोठं काम होतं. कितीतरी दशकं नाविकांनी चंद्राची पद्धत आणि घड्याळ दोन्ही एकमेकांना ताडून वापरली.

सिलीच्या अपघाताआधी चूक दाखवणाऱ्या खलाशाला ॲडमिरलनं फाशी दिलं, ही पुस्तकाच्या आरंभी येणारी गोष्टही पुराव्यानं सिद्ध होत नाही. ती घडल्यासारखी सांगायला नको होती, असं माझं मत आहे.

२०१४ मध्ये कायद्याची तीन शतकं झाली तेव्हा ग्रीनिचच्या संग्रहालयानं रेखांशावर मोठं प्रदर्शन भरवलं. रिचर्ड डन आणि रिबेका हिगिट यांनी त्याला जोडून लिहिलेल्या पुस्तकात मंडळ, खगोलशास्त्रज्ञ, उपकरणकर्ते, खलाशी या सगळ्यांना जागा मिळाली. इतिहासकार इतक्या तळमळीनं पुढे आले यामागेही सोबेल यांनी जागवलेली उत्सुकता आहेच. आणि हॅरिसनच्या बाजूनं एक गोष्ट नंतर घडली. शंभर दिवसांत एका सेकंदाच्या आत राहणारं लंबकाचं घड्याळ करता येईल हा त्याचा म्हातारपणीचा दावा लोकांनी हसण्यावारी नेला होता. त्याच्या तत्त्वांवर मार्टिन बर्जेस यांनी रचलेलं घड्याळ २०१५ मध्ये ग्रीनिचला शंभर दिवसांत सेकंदाच्या पाच अष्टमांशानं मागे पडलं.

गॅलिलिओच्या लेकीची पत्रं

१९९९ चं ‘गॅलिलिओज डॉटर’ हे मला सोबेल यांचं सर्वोत्कृष्ट पुस्तक वाटतं. पुलित्झर पारितोषिकाच्या चरित्र विभागात ते अंतिम यादीपर्यंत गेलं.

गॅलिलिओ आणि व्हेनिसची मरीना गाम्बा यांचं लग्न झालं नव्हतं. थोरली मुलगी व्हर्जिनिया १६०० साली जन्मली. अशा मुलींचं चांगल्या घरी लग्न होणं कठीण, म्हणून तिला आणि धाकटीला फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री इथल्या सान मत्तेओ मठात घातलं. तेव्हा थोरली तेरा वर्षांची होती. १६१६ मध्ये दीक्षा घेताना तिनं मारिया चेलेस्ते हे नाव घेतलं. तिनं बापाला लिहिलेली १२४ पत्रं टिकली आहेत, १६२३ ते १६३३ या काळातली. गॅलिलिओची उत्तरं मात्र एकही नाही. तिच्या मृत्यूनंतर ती मठातच नष्ट झाली असावीत असं मानतात.

पत्रं इटालियन अभ्यासकांना माहीत होतीच. सोबेल यांनी ती स्वतः इंग्रजीत आणली आणि त्यांच्या आधारानं गॅलिलिओचं सगळं आयुष्य पुन्हा पाहिलं. त्यामुळे एरवी दुर्बीण आणि खटला यांत अडकलेला हा माणूस घरात दिसतो. लेक त्याच्या कॉलरी शिवते, लिंबाच्या जातीच्या फळांचा मुरांबा करून पाठवते, मठाच्या औषधालयात गोळ्या करते, त्याच्या पत्रांच्या सुवाच्य नकला करून देते. प्लेगच्या दिवसांत त्याला जपायला सांगते. मठात पैसे नाहीत, थंडी सोसत नाही, हेही मोकळेपणानं लिहिते. १६३१ मध्ये गॅलिलिओ मठाजवळच राहायला आला तो तिच्यासाठी.

१६३३ मध्ये रोमला खटला झाला. शिक्षेत एक भाग असा होता की त्यानं तीन वर्षं दर आठवड्याला पश्चात्तापाची सात स्तोत्रं म्हणायची. चर्चच्या परवानगीनं ते म्हणणं लेकीनं स्वतःकडे घेतलं. जो धर्म बापाला दोषी ठरवत होता त्यावर तिची पूर्ण श्रद्धा होती, आणि बापावरही. सोबेल या दोन निष्ठांपैकी एक खोटी ठरवत नाहीत. विज्ञान एका बाजूला आणि धर्म दुसऱ्या बाजूला असा सोपा आखाडा मांडला असता तर पुस्तक कदाचित आणखी खपलं असतं, पण गॅलिलिओ कळला नसता. तो स्वतःही शेवटपर्यंत कॅथलिक श्रद्धावंतच होता. लेक १६३४ मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, आमांशानं गेली. १७३७ मध्ये गॅलिलिओचे अवशेष सांता क्रोचे चर्चमधल्या भव्य समाधीत हलवले, तेव्हा सोबत एका स्त्रीचेही अवशेष नेले. ती मारिया चेलेस्तेच असं मानलं जातं. समाधीवर तिचं नाव नाही.

ग्रह आणि कोपर्निकस

मधली दोन पुस्तकं प्रयोगाची आहेत. ‘द प्लॅनेट्स’ (२००५) मध्ये एकेका ग्रहावर ललित अंगानं लिहिलं आहे. दुसऱ्याच वर्षी ग्रहाची व्याख्या ठरवायला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघानं नेमलेल्या सात जणांच्या समितीत सोबेल होत्या, खगोलशास्त्रज्ञ नसलेल्या त्या एकट्याच. समितीच्या मसुद्यात प्लूटो ग्रहच राहिला होता. प्रागच्या अधिवेशनात मतदान होऊन तो वगळला गेला. ‘अ मोअर परफेक्ट हेवन’ (२०११) मध्ये, तरुण गणिती रेटिकस १५३९ मध्ये म्हाताऱ्या कोपर्निकसकडे आला तेव्हा दोघांत काय बोलणं झालं असेल, याचं नाटक पुस्तकाच्या मधोमध घातलं आहे. जिथे कागद नाही तिथे कल्पना आहे हे नाटकाच्या रूपातूनच वाचकाला कळतं. सिलीच्या खलाशाची गोष्ट सांगताना जी सीमारेषा पुसली गेली होती, ती इथे त्यांनी काळजीनं आखली आहे. नाटक म्हणून मात्र मला ते बेताचं वाटलं.

काचेवर टिपलेलं आकाश

‘द ग्लास युनिव्हर्स’ (२०१६) हार्वर्ड वेधशाळेबद्दल आहे. १८७७ पासून तिचे संचालक असलेले एडवर्ड पिकरिंग काचेच्या पट्ट्यांवर आकाशाची छायाचित्रं घेत गेले. आज तो संग्रह सुमारे पाच लाख पट्ट्यांचा आहे. त्या वाचायचं, मोजायचं, ताऱ्यांची वर्गवारी करायचं काम बायकांनी केलं. अनेकींना तासाला २५ सेंट मिळत. कामाला मोठा पैसा पुरवला तोही एका बाईनं, दिवंगत खगोलप्रेमी हेन्री ड्रेपर यांच्या पत्नी ॲना ड्रेपर यांनी.

स्कॉटलंडहून आलेल्या विल्यमिना फ्लेमिंग यांना नवऱ्यानं सोडलं होतं. त्या पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून लागल्या आणि पुढे छायाचित्र-संग्रहाच्या अधिकृत प्रमुख झाल्या. घोड्याच्या डोक्याच्या आकाराची सुप्रसिद्ध तेजोमेघाकृती त्यांनीच १८८८ च्या पट्टीवर टिपली. १९०० च्या रोजनिशीत त्यांनी पगाराची तक्रार लिहून ठेवली आहे: आपल्याला वर्षाला १,५०० डॉलर, पुरुष सहकाऱ्यांना २,५००. ॲनी जंप कॅनन यांना जवळजवळ ऐकू येत नसे. त्यांनी साडेतीन लाखांच्या आसपास ताऱ्यांची वर्गवारी केली आणि ती पद्धत आजही चालू आहे. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवून दिलं की सेफीड प्रकारच्या ताऱ्यांचा तेजबदलाचा काळ जितका लांब तितका तारा मुळात तेजस्वी. दूरच्या ताऱ्यांचं अंतर मोजायची पट्टी त्यातून मिळाली, आणि हबलनं देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे तिच्याच आधारे सिद्ध केलं. १९२५ मध्ये स्वीडनचे गणिती मिताग-लेफ्लर यांनी लेव्हिट यांना नोबेलसाठी सुचवावं म्हणून पत्र लिहिलं. त्या १९२१ मध्येच वारल्या होत्या.

त्याच १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी प्रबंधात मांडलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत. त्यासाठी त्यांनी मेघनाद साहा यांचं आयनीभवनाचं समीकरण वापरलं. कलकत्त्यात केलेलं काम हार्वर्डच्या काचांवर उपयोगी पडलं, ही साखळी भारतीय वाचकानं जरूर लक्षात घ्यावी. थोर खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांच्या आग्रहामुळे पेन यांना आपल्याच निष्कर्षाला शंकास्पद म्हणावं लागलं. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला पोचले. तरी सोबेल इथे मास्किलाइनसारखा खलनायक उभा करत नाहीत. पिकरिंग बायकांना काम देतात, त्यांच्या नावानं शोध छापतात, आणि पगार मात्र कमी देतात. तिन्ही गोष्टी त्या एकाच माणसाबद्दल सांगतात.

क्यूरींच्या प्रयोगशाळेतल्या मुली

२०२४ च्या ‘द एलिमेंट्स ऑफ मारी क्यूरी’मध्ये ही दिशा पूर्ण होते. मारी क्यूरी यांच्यावर पुस्तकं उदंड आहेत. सोबेल यांनी शोधल्या त्या त्यांच्या प्रयोगशाळेत काम करून गेलेल्या पंचेचाळीस स्त्रिया. कॅनडाच्या हॅरिएट ब्रुक्स, नॉर्वेच्या एलेन ग्लेडिच, १९३९ मध्ये फ्रान्सियम शोधणाऱ्या मार्गरीत पेरे, आणि मुलगी इरेन. दोन नोबेल मिळवणाऱ्या बाईचं चरित्र लिहिताना इतरांची गर्दी करावी का, असं कुणी विचारेल. वाचताना काही नावं हातून निसटतात हे खरं आहे. पण पेरे यांना मूलद्रव्य सापडलं ते ज्या चिकाटीच्या रासायनिक शुद्धीकरणातून, ते त्यांना शिकवलं कुणी, हे इतरांच्या गोष्टी वगळून कळलं नसतं.

कुठलं आधी वाचावं

सुरुवात ‘लाँजिट्यूड’पासूनच करावी, कारण ते छोटं आहे आणि खाली ठेववत नाही. मात्र लगेच मागोमाग डन आणि हिगिट यांचं पुस्तक चाळावं, म्हणजे मास्किलाइनला न्याय मिळेल. ज्यांना यंत्रांपेक्षा माणसांत अधिक रस आहे त्यांनी थेट ‘गॅलिलिओज डॉटर’ घ्यावं. पत्रंच सलग वाचायची असतील तर सोबेल यांनी २००१ मध्ये ती सगळी स्वतंत्र पुस्तकात दिली आहेत. विज्ञान शिकणाऱ्या मुलींना भेट द्यायची असेल तर ‘द ग्लास युनिव्हर्स’. पानं पुष्कळ आहेत आणि नावंही, तेव्हा मागची व्यक्तिसूची हाताशी ठेवून सावकाश वाचावं.